बागेत डायनासोर उभा करण्याआधी

आफ्रिकेचे प्राणी आणि डायनासोर यांच्या मॉडेलांचं प्रदर्शन बडोद्याच्या सयाजीबागेत भरवायचं, तर सोयीचे आठवडे मोजकेच आहेत. दिवाळीची गर्दी ओसरली की सुरुवात करावी आणि १० जानेवारीपर्यंत आवरतं घ्यावं. पावसाळ्यात विश्वामित्री नदी कधी फुगेल याचा भरवसा नाही, आणि मॉडेलातला एकदा भिजलेला फोम आतून वाळायला आठवडे घेतो. तोवर आतली लोखंडी चौकट गंजते आणि कातडीला कुबट वास सुटतो. उन्हाळ्यात दुपारी मुलं येतच नाहीत. उत्तरायणापर्यंत मॉडेलं उभी ठेवली तर उंच मानांना मांजा अडकतो आणि तो सोडवायला पोरं वर चढतात. उद्घाटनाची तारीख आधी पक्की करावी आणि तिथून मागे बारा आठवडे मोजून कामाला लागावं.

पहिला कागद परवानगीचा नाही, तर जिवंत प्राण्यांच्या यादीचा असावा. सयाजीबागेतल्या, म्हणजे जुन्या मंडळींच्या कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात त्या हंगामात कोणते प्राणी आहेत, कोणता पिंजरा दुरुस्तीसाठी रिकामा आहे आणि कोणत्या मादीजवळ पिल्लं आहेत, हे संग्रहालयाकडून लेखी घ्यावं. प्रदर्शनाचा रस्ता या कागदावरून आखला जातो. मॉडेलवाल्याकडून आलेला तयार नकाशा बाजूला ठेवावा. त्यात हरणांचं आवार कुठे आहे याला जागाच नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम ३८-जे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवायला, खायला घालायला आणि आवाजानं त्रास द्यायला मनाई करतं. हा नियम जसा प्रेक्षकांना आहे, तसाच तो आपल्या स्पीकरलाही आहे.

मग कोणते डायनासोर आणायचे ते ठरवावं. मॉडेलवाला पहिल्यांदा टी-रेक्सच दाखवतो. तो हवा असेल तर ठेवा, मुलं त्याच्यासाठीच येतात, पण मधली जागा त्याला देऊ नका. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला. आपला आहे तो राजासोरस. बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, बालासिनोरजवळच्या रैयोलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये त्याचं राजासोरस नर्मदेन्सिस असं नामकरण झालं. कपाळावर एकच आखूड, बोथट शिंग, हात अगदी तोकडे, लांबी साधारण साडेसहा मीटर. तयार मॉडेलांत तो क्वचित मिळतो, म्हणून तो इथेच घडवून घ्यावा. गणपतीचे फायबरचे साचे करणारे कारागीर आणि ललितकलेचे विद्यार्थी या शहरात आहेत. त्यांना कवटीचे फोटो आणि मापं दिली, तर सहा ते आठ आठवड्यांत न हलणारं चांगलं मॉडेल उभं राहतं. हलणाऱ्या पण चुकीच्या डायनासोरपेक्षा न हलणारा बरोबर डायनासोर कधीही चांगला.

आफ्रिका आणि डायनासोर हे दोन वेगळे मंडप करण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. त्यांना जोडणारे दुवे भक्कम आहेत, ते वापरावेत. राजासोरसचा जवळचा नातलग माजुंगासोरस मादागास्करचा आहे, कारण भारत आणि मादागास्कर एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते. टांझानियातल्या तेंदागुरूहून १९०९ ते १९१३ या काळात जर्मन मोहिमेनं काढलेल्या जिराफाटायटन या लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा बर्लिनच्या संग्रहालयात तेरा मीटरहून उंच उभा आहे. त्याचा फलक जिराफाच्या मॉडेलशेजारी लावावा आणि जवळच्या खांबावर मीटरच्या खुणा रंगवाव्यात. जिराफ साडेपाच मीटरच्या खुणेपाशी संपतो. तेरा मीटरसाठी मुलं झाडाचा शेंडा शोधायला लागतात, आणि तिथे वेगळं समजावून सांगायची गरज उरत नाही.

फलकांचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी दोघांनी वेगवेगळा तपासावा. फ्लेक्सवाला 'जंगल' म्हणून मिळेल ते चित्र टाकतो आणि आफ्रिकेच्या पाटीवर वाघ येऊन बसतो. आफ्रिकेत जंगली वाघ नाहीत. बिबट्याच्या फोटोखाली चित्ता लिहिलेलं तर हमखास सापडतं: चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडाच्या कडेपर्यंत काळी रेघ असते आणि अंगावरचे ठिपके भरीव असतात, बिबट्याचे फुलासारखे पोकळ असतात. हत्ती आफ्रिकेचा असेल तर कान मोठे आणि सोंडेच्या टोकाला दोन बोटं. आपल्या हत्तीला एकच. आफ्रिकेतल्या गेंड्यांना दोन शिंगं असतात. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब घडी असते, आफ्रिकेच्या सिंहात ती सहसा दिसत नाही. डायनासोरांच्या बाजूला कालखंड तपासावा. स्टेगोसोरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा. या दोघांची झुंज दाखवणारं दृश्य मांडूच नये. उडणारा टेरानोडॉन आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन हे डायनासोर नव्हेत, हे त्यांच्याच फलकावर लिहावं. फलक गुजराती, मराठी आणि हिंदीत असावेत, एका भाषेत साठ शब्दांच्या आत, आणि मजकूर जमिनीपासून ९० ते ११० सेंटीमीटरवर. त्याहून वर लावलेला फलक फक्त पालक वाचतात.

पायासाठी हिरवळीत खड्डे खणू नयेत, जुन्या झाडांची मुळं तुटतात. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे वापरावेत. बाजू ५० सेंटीमीटर असलेला ठोकळा सुमारे ३०० किलोचा भरतो, ६० सेंटीमीटरचा ५०० किलोच्या थोडा वर. फायबरचं मॉडेल पोकळ आणि हलकं, पण आकारानं मोठं असतं आणि वाऱ्यात शिडासारखं वागतं, म्हणून चारही पायांना स्वतंत्र ठोकळा आणि बोल्टला दुहेरी नट लावावा. हलणाऱ्या मॉडेलभोवतीचं कुंपण शेपटी पूर्ण फिरवून, तिच्या टोकापासून दीड मीटरवर घालावं. शेपटी स्थिर असताना आखलेलं कुंपण पहिल्याच दिवशी सरकवावं लागतं.

विजेचा हिशेब मॉडेलांच्या नामफलकावरून करावा. आठ मॉडेलं प्रत्येकी एक किलोवॉटची धरली तर एका फेजवर ३५ अँपिअरच्या आसपास भार जातो. म्हणून थ्री-फेज जोडणी घेऊन तो वाटून द्यावा. प्रत्येक मॉडेलला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा), सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आणि अर्थिंगची चाचणी मंडपवाल्याच्या नव्हे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या सहीनं घ्यावी. केबल पाइपातूनच न्यावी, नाहीतर खारी कुरतडतात. सकाळी दव पडलेलं असतं, त्यामुळे जोडपेट्या जमिनीवर ठेवू नयेत आणि मॉडेलं कोरडी पुसूनच चालू करावीत. सिलिकोनची कातडी सर्वांत आधी फाटते ती मानेच्या आणि शेपटीच्या मुळाशी, कारण तिथेच ती सतत ताणली जाते. ताणणाऱ्या कापडाचा तुकडा, सिलिकोन सीलंट आणि जुळता रंग हाताशी असावा. जोड रात्री लावून पूर्ण दिवस ते मॉडेल बंद ठेवावं. घाईनं चालू केलं तर तीच चीर दुपटीनं उघडते.

आवाजाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. काळवीट आणि चितळ अनोळखी गर्जनेनं बिथरून जाळीवर धडकतात. धावून धावून दमलेल्या हरणाचे स्नायू निकामी होऊन ते पुढच्या एक-दोन दिवसांतही दगावू शकतं, म्हणजे धोका गर्जना थांबल्यावर संपत नाही. रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राला दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते; तीच मर्यादा पिंजऱ्याच्या जाळीपाशी उभं राहून मोजून पाळावी. फोनमधलं ॲप खालच्या पट्टीतली घुमणारी गर्जना कमी दाखवतं, म्हणून बेस पूर्ण बंद करावा आणि स्पीकरची पाठ आवारांकडे ठेवावी. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी तीन दिवस चाचणी घ्यावी: पहिल्या दिवशी मॉडेलं झाकलेली, दुसऱ्या दिवशी उघडी पण बंद, तिसऱ्या दिवशी आवाजासह. या तीन दिवसांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांनी रोजचा उरलेला चारा आणि मांस तोलून लिहावं, आणि येरझारा वाढल्या का ते पाहावं. प्राण्याचं खाणं घटलं तर ते मॉडेल तिथून दुसरीकडे न्यायचं, त्यावर चर्चा नको. सूर्यास्ताआधी सगळे दिवे बंद करावेत.

खरं तर डायनासोर कसा ओरडायचा हे कुणीच ऐकलेलं नाही. त्यांचे आज जिवंत असलेले नातलग म्हणजे मगरी आणि पक्षी, आणि पक्षी तर थेट त्यांचेच वंशज. म्हणून प्रदर्शनाचा रस्ता पक्ष्यांच्या दालनापाशी संपवावा आणि शेवटचा फलक तिथे लावावा. विश्वामित्रीतल्या मगरीचा उल्लेख त्यावर जरूर असावा, मात्र सामानाचं कोठार नदीकाठाला करू नये. पुढे त्याच बागेतल्या वस्तुसंग्रहालयात निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे. राजासोरसची लांबी पावलांनी मोजून आलेल्या मुलांना तिथेही मोजायला सांगावं.

उत्खननाचा वाळूचा हौद तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल करावा. त्याला पाऊण ब्रासहून (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी कमी वाळू लागते. ती चाळून आणि धुऊनच भरावी. त्यात प्लास्टरची हाडं पुरायची तर ती आठवडाभर वाळवून वर रंगाचे दोन हात द्यावेत, नाहीतर ओलसर वाळूत ती दोन दिवसांत भुगा होतात. अंडी १५ ते २० सेंटीमीटरची करावीत, एका घरट्यात आठ-दहा. घरट्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून ठेवला तर अधिकच छान: भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना तेव्हाच्या पंचमहाल जिल्ह्यातल्या धोळी डुंगरी इथे असंच जीवाश्म मिळालं होतं, आणि २०१० मध्ये त्या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. रात्री हौदावर ताडपत्री घालावी, मांजरं घाण करतात. कुणी प्रेमानं रैयोलीहून 'सापडलेलं' खरं हाड आणून दिलं तर ते मांडू नये. ते जिथून उचललं तिथेच त्याचं मोल होतं.

रस्ता एकदिशा ठेवावा, उतार बारा फुटांना एक फूट, म्हणजे चाकाची खुर्ची सहज जाते. चार वर्षांखालची मुलं हलत्या जबड्याला घाबरतात. त्यांच्यासाठी सुरुवातीलाच जिराफ, झेब्रा आणि शहामृगाकडे वळणारी वेगळी वाट काढावी आणि ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावी.

आवरताना मॉडेलं ट्रकवर चढली की काम संपलं असं धरू नये. केबल बांधायच्या प्लास्टिक पट्ट्या, खिळे आणि तारेचे तुकडे हिरवळीत राहतात. शहामृग आणि एमू चमकणारं काहीही गिळतात, आणि हरणाच्या पोटात गेलेली तार आतून टोचते. येताना किती पट्ट्या आणल्या ते वहीत लिहिलेलं असावं, कापलेल्या आणि उरलेल्या मोजून आकडा जुळवावा आणि संपूर्ण वाटेवर दोरीला बांधलेलं मोठं चुंबक दोनदा फिरवावं, दुसऱ्यांदा पहिल्याच्या आडव्या दिशेनं.