उन्हाळ्यात मंदावणाऱ्या रास्पबेरी पायची नोंद कशी करावी

विदर्भातल्या एखाद्या पंपघरात, शेतातल्या टिनाच्या खोलीत किंवा गावच्या वाचनालयात बसवलेला रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक, हिवाळ्यात निमूट काम करतो आणि चैत्र सरता सरता कुरकुर करू लागतो. कॅमेऱ्याचे चित्र अडखळते, ठिबकच्या वेळापत्रकातली नोंद उशिरा उमटते, कधी बोर्ड आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मदत मागणारा अशा वेळी बहुधा एवढेच सांगतो की बोर्ड स्लो झाला आहे. नागपूरच्या सीताबर्डीतला दुकानदार असो की अभियांत्रिकीचे शिक्षक, एवढ्या माहितीवर कोणालाही निदान करता येत नाही आणि मग अंदाजाने पंखा विकला किंवा विकत घेतला जातो. बोर्डाचे आणि त्याच्या तापण्याचे वर्णन नीट लिहिले, तर निम्मे निदान त्या लिहिण्यातच होऊन जाते. हे वर्णन कसे तयार करावे आणि त्यावरून काय ठरवावे, ते पुढे सांगितले आहे.

बोर्ड आणि त्याचा परिसर

नुसते रास्पबेरी पाय असे लिहिणे पुरेसे नाही, कारण प्रत्येक पिढीचे उष्णतेशी नाते वेगळे आहे. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम २७११ ही चिप असून तिचे चार कोर (गणना करणारे भाग) मुळात १.५ गिगाहर्ट्झच्या वेगाने चालत. २०२१ च्या बुल्सआय या कार्यप्रणालीपासून याच मॉडेलचे नव्या आवृत्तीचे बोर्ड १.८ गिगाहर्ट्झने चालू लागले. म्हणून दोन शेजाऱ्यांकडे वरकरणी सारखेच पाय ४ असले, तरी एक दुसऱ्यापेक्षा अधिक तापू शकतो. २०२३ मध्ये आलेला पाय ५ हा २.४ गिगाहर्ट्झचा आहे आणि जड काम करायचे असेल, तर त्याला पंख्याची गरज गृहीतच धरावी. झिरो २ डब्ल्यू मात्र १ गिगाहर्ट्झचा आणि कमी वीज खाणारा आहे. नुसत्या सेन्सरच्या नोंदींसाठी तो पुरतो, आणि माझ्या मते शेतात पाय ५ बसवण्याची हौस बहुतेक वेळा अनाठायी असते.

मॉडेलचे नेमके नाव प्रणालीच्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘डिव्हाइस-ट्री’ या उपफोल्डरात ‘मॉडेल’ नावाच्या फाइलमध्ये मिळते. त्यातच आवृत्तीचा आकडाही असतो, तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा. त्यापुढे रॅम, प्रणालीचे नाव, ती ३२ बिटांची की ६४ बिटांची, आणि यूएसबीला काय काय जोडले आहे, हे लिहावे. ४जी डोंगल किंवा यूएसबी हार्ड डिस्क यांचा उल्लेख बहुतेक जण विसरतात, पण वीज आणि उष्णता या दोन्ही बाबतींत त्यांचा वाटा असतो.

यानंतर जे लिहायचे, ते बोर्डाच्या बाहेरचे आहे आणि आपल्याकडे तेच अधिक महत्त्वाचे ठरते. केस, म्हणजे बोर्डाची पेटी, प्लॅस्टिकची की अ‍ॅल्युमिनिअमची, बंद की जाळीची, चिपवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आहे का, पंखा आहे का, केस आडवी ठेवली आहे की भिंतीला उभी, भिंत कोणत्या दिशेची, छप्पर टिनाचे की स्लॅबचे, शेजारी मोटारचा स्टार्टर किंवा इन्व्हर्टर आहे का, हे सारे दोन-तीन वाक्यांत मावते. पाय ४ साठी उत्पादकाने सांगितलेली भोवतालच्या हवेची मर्यादा ० ते ५० अंश सेल्सिअस आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या वर जातो, हे ध्यानात घेतले तर नवतप्यात टिनाखालच्या बंद पेटीत ही मर्यादा ओलांडली जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

थ्रॉटलिंग म्हणजे नेमके काय घडते

चिपचे तापमान ८० अंशांच्या जवळ पोहोचले, की पाय ४ आपली वारंवारता, म्हणजे कामाचा वेग, टप्प्याटप्प्याने कमी करू लागतो (यालाच थ्रॉटलिंग म्हणतात) आणि ८५ अंशांना प्रोसेसरबरोबर ग्राफिक्सचा भागही रोखला जातो. भर दुपारी औत सोडून बैल सावलीला बांधावेत, तसाच हा प्रकार आहे: काम थांबत नाही, पण रेटा कमी होतो आणि चिप वाचते. ८५ ची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून लिहिली तरी प्रणाली ती ८५ वरच ठेवते, त्यामुळे त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

पाय ३ बी प्लसची गोष्ट निराळी आहे. त्याला ६० अंशांची एक सौम्य मर्यादा घातलेली असून ती ओलांडताच तो १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. भोवतालची हवाच ४४ अंश असेल, तर चिपला ६० च्या खाली राहण्यासाठी जेमतेम १६ अंश उरतात. म्हणून आपल्याकडे हा बोर्ड उन्हाळाभर १.२ वरच चालतो असे धरून चालावे. कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधील ‘टेम्प सॉफ्ट लिमिट’ ही किंमत ७० पर्यंत वाढवता येते, पण हीटसिंक न लावता ती वाढवल्याने फारसे काही साधत नाही.

मोजमाप

मोजण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत लिहून तिच्यापुढे ‘मेझर टेम्प’ जोडल्यास चिपचे तापमान मिळते, ‘मेझर क्लॉक’ आणि त्यापुढे ‘आर्म’ लिहिल्यास त्या क्षणाची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते आणि ‘गेट थ्रॉटल्ड’ लिहिल्यास एक सांकेतिक संख्या मिळते. मेझर, गेट यांसारख्या शब्दांना पुढचा शब्द अधोरेषेने जोडावा लागतो.

ही सांकेतिक संख्या वाचणे सोपे आहे, पण बहुतेक जण ती न वाचताच पुढे पाठवतात. तिचा उजवीकडचा शेवटचा अंक आत्ताची स्थिती सांगतो: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वारंवारतेवर मर्यादा, ४ म्हणजे थ्रॉटलिंग चालू, ८ म्हणजे सौम्य तापमान-मर्यादा लागू, एकाहून अधिक गोष्टी घडत असतील, तर त्यांची बेरीज दिसते. उजवीकडून पाचवा अंक हेच चार प्रकार बोर्ड सुरू झाल्यापासून कधी घडले होते का, ते सांगतो. संख्या सोळाच्या पायावर लिहिलेली असल्याने दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे येतात. संकेत ०, तर सगळे ठीक. ५००००, म्हणजे व्होल्टेज पडले होते आणि थ्रॉटलिंगही झाले होते, मात्र आत्ता नाही. ई०००८, म्हणजे आत्ता तापमानाची सौम्य मर्यादा लागू आहे आणि याआधी मर्यादा, थ्रॉटलिंग व सौम्य मर्यादा हे तिन्ही घडून गेले, पण व्होल्टेजची तक्रार एकदाही नव्हती.

हा शेवटचा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. शेवटच्या अंकात १ मिसळलेला असेल, तर दोष उष्णतेचा नसून विजेचा असण्याची शक्यता आधी तपासावी, कारण व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेले तरी बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरची बारीक केबल घ्या: जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा मिळून रोध पाव ओहम असेल आणि प्रवाह २ अँपिअर, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. ५.१ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॅप्टरही मग बोर्डापाशी ४.६ च देतो. अशा बोर्डावर कितीही मोठा हीटसिंक चढवला तरी फरक पडणार नाही. जाड आणि आखूड केबल पुरेल. सौर पॅनेलच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून कन्व्हर्टर लावून वीज घेत असाल, तर कन्व्हर्टरचे व्होल्टेज बोर्ड पूर्ण भाराखाली असताना मल्टिमीटरने तपासावे, रिकामा असताना नव्हे.

आणखी एक गैरसमज वाचकांनी टाळावा. काम नसताना पाय ४ ची वारंवारता ६०० मेगाहर्ट्झ दिसते. ती विजेची बचत आहे, थ्रॉटलिंग नव्हे. म्हणून मोजमाप नेहमी भाराखालीच करावे. ‘स्ट्रेस-एनजी’ हे साधन बसवून चारही कोर किमान पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावेत, केस नेहमी जशी बंद असते तशीच बंद ठेवावी आणि दर दहा सेकंदांनी तापमान, वारंवारता व संकेत वेळेसह एका फाइलमध्ये लिहिले जातील, अशी छोटी स्क्रिप्ट करावी. तापमान चढून एका ठिकाणी स्थिरावते. तोच आकडा हवा आहे. त्याच वेळी केसपासून वीतभर अंतरावर, सावलीत आणि पंख्याच्या गरम झोतापासून दूर, एक साधा थर्मामीटर टांगून भोवतालच्या हवेचे तापमानही लिहावे. या आकड्याशिवाय बाकी सगळी नोंद अपुरी राहते.

कारण चिप किती तापली, यापेक्षा ती भोवतालच्या हवेहून किती अधिक तापली, हे महत्त्वाचे. काम, वारंवारता आणि केस तीच असेल, तर हा फरक पौषात आणि वैशाखात जवळपास सारखाच राहतो. जानेवारीत खोलीत २४ अंश असताना चिप ६९ वर स्थिरावली, तर वाढ ४५ अंशांची झाली. ८० तून ४५ वजा केले, की ३५ उरतात: म्हणजे खोलीतली हवा ३५ अंशांना पोहोचली की हा बोर्ड थ्रॉटल होणार, आणि ते आपल्याकडे मार्चमध्येच घडते. भोवताली ४६ अंश असतानाही पूर्ण वेग हवा असेल, तर वाढ ३४ च्या आत हवी. गरम चिप थोडी अधिक वीज खाते हे धरून ती ३० च्या आत ठेवावी. ही चाचणी थंडीतच करून ठेवणे शहाणपणाचे, कारण उन्हाळ्यात बोर्ड आधीच थ्रॉटल होत असतो, तापमान ८० च्या आसपास अडकून राहते आणि खरी वाढ किती, ते कळतच नाही. पाय ५ च्या अधिकृत कूलरचा पंखा ५० अंशांना सुरू होऊन ६०, ६७.५ आणि ७५ अंशांना वेग वाढवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही वजाबाकी थंडीच्या आकड्यांवरून ढोबळच येते.

नोंद कशी दिसावी

नमुन्यादाखल: “रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी, ४ जीबी रॅम, बुकवर्म ६४ बिट. एक यूएसबी कॅमेरा व ४जी डोंगल. काळ्या प्लॅस्टिकची बंद केस, चिपवर लहान हीटसिंक, पंखा नाही. पंपघरात टिनाखाली, पश्चिमेच्या भिंतीला आडवी. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर, १ मीटर केबल. दुपारी अडीच वाजता हवा ४३ अंश. काम नसताना चिप ६५. चारही कोरवर ८१ ला स्थिर, वारंवारता १.८ गिगाहर्ट्झवरून १.५ च्या खाली. संकेत आधी ०, नंतर ई०००८. रात्री नऊ वाजता हवा ३४. तीच चाचणी, चिप ७९, वारंवारता १.८ वर कायम.” हे वाचणाऱ्याला विजेचा दोष नाही, वाढ ४५ अंशांची आहे आणि दोष केस व जागेत आहे, हे एकही प्रश्न न विचारता कळते.

उपाय

पहिला उपाय फुकटचा आहे: जागा बदलणे. टिनाला लागून असलेली सर्वांत वरची हवा सर्वांत गरम असते, म्हणून केस छपराजवळून काढून कमरेच्या उंचीवर, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला उभी लावावी. उभ्या केसला खाली आणि वर भोके असतील, तर गरम हवा वरून निघते आणि खालून नवी येते. भोकांना बारीक जाळी लावली नाही, तर पाली आणि मुंग्या आधी राहायला येतात. त्यानंतर अ‍ॅल्युमिनिअमची अशी केस पाहावी, जिचा आतला खांब चिपला टेकतो आणि संपूर्ण केसच हीटसिंक होते. धुळीच्या जागी मला पंख्यापेक्षा हीच केस पटते, कारण तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. पेटीवर ओले पोते टाकणे किंवा केस डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्या हवेतली ओल आणि विहिरीच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर बसले, तर तापण्याहून मोठे नुकसान होते.

एवढ्यानेही वाढ ३० च्या आत आली नाही, तर वेग स्वतःच कमी करावा. कॉन्फिग फाइलमध्ये, जी बुकवर्म या प्रणालीपासून ‘बूट’ऐवजी त्यातल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असते, ‘आर्म फ्रिक्’ ही किंमत १२०० लिहिल्यास पाय ४ जास्तीत जास्त १.२ गिगाहर्ट्झने चालेल. वारंवारतेबरोबर चिपला लागणारे व्होल्टेजही उतरत असल्याने उष्णता वेगाच्या प्रमाणापेक्षा अधिक घटते. दुपारी अवचित मंदावणाऱ्या बोर्डापेक्षा सतत १.२ वर चालणारा बोर्ड ओलावा मोजायला आणि पंप चालवायला अधिक भरवशाचा. चित्रफितींचे रूपांतर किंवा बॅकअप यांसारखी जड कामे पहाटे चारला लावावीत.

पंखा बसवलाच असेल, तर त्याच्याकडे कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत अधिक लक्ष द्यावे, कारण हवेतला रुवा जाळीवर आणि पात्यांवर थर धरतो. जाळी साफ करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि आलेली वाढ जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. साफ केल्यावरही ती पाचएक अंशांनी जास्त दिसत असेल, तर पंख्याचे बेअरिंग घासले आहे का आणि हीटसिंकखालची चिकटपट्टी सुटली आहे का, हे आधी तपासावे.