मुतखड्याच्या गोळ्या आणि ‘हार्मोन बिघडलं’: या चुका टाळा

मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या सुरू असताना कुणाची शुगर वाढली, कुणाची छाती हुळहुळली, की आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात निदान ठरलेलं: ‘हार्मोन बिघडलं.’ मग गोळ्या कपाटात आणि हुलग्याचं कढण चुलीवर. यात तथ्य आहे, पण राग बहुतेक वेळा भलत्याच गोळीवर निघतो.

पोटॅशियम सायट्रेटचंच बघा. ते पोट बिघडवतं, मळमळ आणतं. हार्मोनशी त्याचं काही देणंघेणं नाही. टॅमसुलोसिन तर खडा उतरायला देतात, पुढचा टाळायला नव्हे. त्यानं वीर्य कमी येतं किंवा येतच नाही, आणि माणूस हादरतो. पण टेस्टोस्टेरॉन जागच्या जागी असतं. गोळी थांबली की हा त्रासही सहसा थांबतो. लाजेपायी डॉक्टरांना विचारायचं नाही आणि गोळी मात्र परस्पर बंद करायची, ही पुरुषांची नेहमीची तऱ्हा.

हार्मोनचा खरा मामला थायझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या गटात आहे: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, आणि त्यांच्याच जातीचं इंडापामाइड. या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करतात, त्यामुळे रक्तातलं थोडं वाढू शकतं. ते जास्तच वाढलं तर ‘गोळीनं केलं’ म्हणून विषय मिटवणं ही मोठी चूक. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आधीपासूनच जास्त काम करत असतील, तर थायझाइडमुळे ते उघडकीस येतं. मुतखडे होण्याचं मूळ तिथंच असू शकतं, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. म्हणून कॅल्शियम जास्त आलं तर त्यासोबत पीटीएच (याच ग्रंथींचं हार्मोन) ही तपासणी करायची का, हे विचारा. डॉक्टरांनी गोळी थांबवली तर काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा बघावं लागतं. तेव्हाही ते वर असेल तर संशय ग्रंथीवर.

दुसरी भानगड पोटॅशियमची. थायझाइडनं ते उतरतं, पायात गोळे येतात, आणि उसाच्या फडात दिवसभर राबणारा माणूस ते थकव्यावर ढकलतो. पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंडातून इन्शुलिन नीट सुटत नाही, साखर चढते. लघवीतलं खडा रोखणारं सायट्रेटही घटतं, म्हणजे खडा रोखायला घेतलेली गोळी खड्यालाच वाट करून देते. त्यात खर्डा, लोणचं, पापड रोजचं असेल तर मिठामुळे लघवीत कॅल्शियम वाढतं आणि गोळीचा उपयोग अर्धा तिथंच बुडतो.

गोळीवरही आंधळा भरवसा नको. स्वित्झर्लंडमधल्या 416 रुग्णांच्या चाचणीत (2023) हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांत आणि औषधच नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत खडे परत येण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. नव्यानं मधुमेह होणं आणि पोटॅशियम उतरणं मात्र औषधवाल्यांत जास्त दिसलं. तरी स्वतःहून बंद करू नका. तीच गोळी बीपीसाठीही दिलेली असू शकते.

पुरुषांची छाती फुगली, दुखली, किंवा बायकांची पाळी अनियमित झाली, तर पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात स्पायरोनोलॅक्टोन लिहिलंय का बघा. ही मुतखड्याची गोळी नव्हेच. हृदयाच्या, लिव्हरच्या किंवा बीपीच्या डॉक्टरांनी दिलेली असते. आमच्याकडे एक डॉक्टर बेळगावला, दुसरे कोल्हापूरला नाहीतर मिरजेला, आणि दोन फायली दोन पिशव्यांत. एकाला दुसऱ्याचं औषध ठाऊक नसतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि पोटॅशियम सायट्रेट एकत्र आले तर पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी.

‘खड्यात कॅल्शियम, म्हणून दूध-दही बंद’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो पाळला तर पीटीएच वाढतं, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि आतड्यातून खडा बनवणारं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. जेवणासोबतचं दही-ताक चालू ठेवा. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

थायझाइड सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्तातलं कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम, साखर, युरिक अ‍ॅसिड आणि किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघून घ्या. दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलमध्ये लावा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि डॉक्टर बेळगावचे असोत की मिरजेचे, पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा.