भेंडीची शीर पिवळी दिसली की झाड उपटा

भात झोडून खाचरात भेंडी टोकली, मुरबाड-शहापूरकडे रोपं आता चार-सहा पानांवर आलीत. ऊन तापायला लागलं की पांढरी माशी वाढते आणि तिच्या मागोमाग केवडा, म्हणजे हळद्या, हा विषाणूचा रोग. म्हणून खताचा हिशेब नंतर, आधी पानं बघा.

पान उन्हाकडे धरा. शिरा पिवळ्या, मधली जागा हिरवी, पिवळं जाळं विणल्यासारखं दिसलं तर केवडा. उलट कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर लोह कमी पडलंय. कडा पिवळ्या होऊन वर वळल्या असतील तर तुडतुडे, रस शोषणारी कीड. दुकानात मात्र पान न बघताच तिन्हींवर एकच बाटली हातात येते. केवडा झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही, ‘व्हायरसवरचं टॉनिक’ घेऊ नका.

नुकसान होतं ते झाड राखल्याने. ‘दोन भेंड्या लागल्यात, एवढा तोडा होऊ दे.’ शेजारच्या खाचरात बांधाकडची सात-आठ झाडं अशीच राहिली. तिसऱ्या तोड्याला अर्धं शेत पिवळं, भेंडी पांढरट आणि कडक. असा माल वाशीच्या बाजारात नेऊन गाडीभाडंही सुटत नाही. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात लागण झाली, तर त्या झाडाची आशाच सोडा.

उपटायचं ते सकाळी, दव असताना. माशी तेव्हा सुस्त असते. झाडावर पिशवी घाला, मग उपटा, शेताबाहेर पुरा. हाताने किंवा कोयत्याने हा रोग पसरत नाही, माशीच पसरवते. माझा अंदाज असा, की सुरुवात रानभेंडी असलेल्या बांधाकडून होते. तिकडून फेरी सुरू करा.

बाकीचं नेहमीचं:
- विरळणी, निंदणी, बांधावरची रानभेंडी काढणे
- पिवळे चिकट सापळे, एकरी १०-१२
- ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी पावडर, १०० लिटर पाणी), पानाच्या खालून
- सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची फवारणी टाळणे, त्याने माशी उलट वाढते

बियाण्याच्या पाकिटावर ‘केवडा प्रतिकारक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. परभणी क्रांती, अर्का अनामिका या जाती अशाच नावाजलेल्या होत्या, त्याही आता ठिकठिकाणी पिवळ्या पडतात.

तोडे सुरू झाले की एक दिवसाआड सगळ्या सऱ्यांतून फिरतात त्या तोडणाऱ्या बाया. त्यांच्या कमरेला चार चिंध्या द्या. पिवळी शीर दिसली की फांदीला चिंधी बांधायची, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उपटायचं.