शेवरले सी१० खाली बसवताना मागचा पॅनहार्ड रॉड विसरू नका

१९६७ ते १९७२ च्या शेवरले सी१० पिकअपला मागे बहुतेक वेळा पाटे नसून कॉइल स्प्रिंग असतात. त्यामुळे गाडी ४ इंच खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग टाकणं सोपं आहे, पण पुढचं काम तिथेच सुरू होतं.

अ‍ॅक्सल आडवा जागेवर धरणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चेसिसला, दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली आली की रॉडचा कोन बदलतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. मग एका बाजूचा टायर मडगार्डला घासतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घ्या. गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही बाजूंना चेसिसपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, आणि ते सारखं येईपर्यंत रॉड फिरवा. रॉडच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्टही याच स्थितीत कसा. जॅकवर लटकत्या अ‍ॅक्सलला कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर आखूड लागतात. ६ इंच खाली न्यायची असेल तर अ‍ॅक्सलला वर यायला जागा राहत नाही, चेसिसला खाच पाडून जाड पट्टीचा आधार द्यावाच लागतो.

पुढच्या चाकांना अडीच इंचांचे ड्रॉप स्पिंडल (चाक बसतो तो दांडा वर सरकवलेले भाग, ज्यामुळे गाडी खाली येते) उत्तम, कारण स्प्रिंगची चाल तशीच राहते. गॅसने तापवून स्प्रिंग कापू नका, पोलादाचं पाणी उतरतं. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.