बऱ्हाणपूर-असीरगड बघायला निघालात? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बऱ्हाणपूर "जाता जाता" बघायचं ठरवणं. इच्छापूरला देवीचं दर्शन झालं, दुपारचे दोन वाजले, आता आलोच आहोत तर जरा पुढे जाऊन येऊ म्हणतात, किल्ल्यात तासभर फिरतात, जलेबी खातात आणि घरी येऊन सांगतात की तिथं बघण्यासारखं काही राहिलंच नाही. अहो, ही आपल्या खान्देशची राजधानी होती! फारुकी सुलतान आधी आपल्या थाळनेरला होते, मग १४०० च्या आसपास नासिर खानानं तापीकाठी हे शहर वसवलं आणि पुढची दोनशे वर्षं खान्देशचा कारभार इथून चालला. आज ते मध्य प्रदेशात गेलंय एवढंच, पण रावेरपासून गाडीनं तासाच्या आत आणि भुसावळहून रेल्वेनं तासाभराचा तर रस्ता आहे. पूर्ण दिवस द्या, जमलं तर एक मुक्काम करा.

दुसरी गोष्ट, सगळं काही एका जागी असेल असं समजून निघू नका. शाही किल्ला, जामा मशीद, बाजार हे जुन्या शहरात. कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणायची जुनी योजना, लालबागकडे. आहुखाना, म्हणजे मुघलांची शिकारीची बाग, तापीच्या पलीकडे जैनाबादला. असीरगड उत्तरेला २० किलोमीटरवर, खंडवा-इंदूर रस्त्यावर. क्रम चुकला की अर्धा दिवस रिक्षात जातो. स्वतःची गाडी असेल तर शहरात न थांबता सकाळी सकाळी आधी असीरगड गाठा, दुपारी शहरात या आणि ऊन उतरल्यावर नदीकडची ठिकाणं घ्या. रेल्वेनं येणार असाल तर उलटं करा, कारण स्टेशन लालबागलाच आहे, शहर तिथून जरा लांब, म्हणजे आधी कुंडी भंडारा बघून मग शहरात शिरायचं, नाहीतर पुन्हा त्याच रस्त्यानं मागं यावं लागतं. आणि हो, सगळ्या सुपरफास्ट गाड्या बऱ्हाणपूरला थांबत नाहीत, तिकीट काढताना परतीच्या गाडीचा थांबासुद्धा तेव्हाच बघून घ्या.

असीरगडावर भर दुपारी चढणं ही चूक तर इतकी लोक करतात की काय सांगू. मे महिन्यातलं भुसावळ-जळगावचं ऊन आपल्याला माहीत आहे ना, तिथंही तेच ऊन, आणि वर सावली कमी. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते म्हणून लोक चपला घालून आणि अर्धी बाटली पाणी घेऊन येतात, पण आत चालणं भरपूर आहे, मलयगड, कमरगड आणि असीरगड अशा तीन टप्प्यांचा हा किल्ला, पायथ्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच. बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि खाण्याचं घरून न्या, कळण्याची भाकरी-ठेचा बांधून नेला तर त्यासारखं काही नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, खूपच सुंदर दिसतो, पण दगडांवर शेवाळ असतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा.

गडावर वेळ कुठं घालवायचा तेही सांगते. बरेच जण अश्वत्थाम्याच्या गोष्टीसाठी वर येतात, महादेवाच्या मंदिरात तो रोज पहाटे फूल वाहून जातो अशी श्रद्धा आहे, दर्शन घ्या, मंदिर छानच आहे. पण तेवढं करून खाली उतरू नका! गडावरची मशीद बघा, बुरुजांवरून खालचा रस्ता बघा. उत्तरेतून दख्खनमध्ये यायची ही वाट, आणि ती वरून डोळ्यांनी दिसते तेव्हाच कळतं की अकबरासारखा बादशहा या एका गडासाठी स्वतः का येऊन बसला होता. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि फारुकींचं राज्य संपलं. तोफांपेक्षा फितुरीच जास्त कामाला आली असं सांगतात.

आता कुंडी भंडारा, माझ्या मते पूर्ण बऱ्हाणपुरात हीच सगळ्यात भारी जागा, आणि लोक नेमकी हीच सोडतात कारण वरून बघितलं तर नुसती विहिरींची तोंडं दिसतात. १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखाना इथं सुभेदार असताना हे काम झालं, हो, दोहे लिहिणारे रहीम ते हेच. सातपुड्यातून जमिनीखालून तापीकडे झिरपत येणारं पाणी अडवून भुयारात घेतलं, त्या भुयारावर ओळीनं विहिरींसारख्या कुंड्या काढल्या, आणि नुसत्या उतारावर ते पाणी शहरापर्यंत आणलं. पंप नाही, मोट नाही, काही नाही. खाली उतरलात की गुडघ्याच्या आसपास पाणी, काचेसारखं स्वच्छ, दोन्ही बाजूच्या भिंतींवर चुन्याचे पांढरट जाड थर चढलेले, बोळ इतका अरुंद की एकामागं एक चालायचं, आणि मधेच वरच्या कुंडीतून गोल उजेड पाण्यावर पडलेला. बाहेर ४२ डिग्री असलं तरी आत गार. म्हणून गाडीनं येणाऱ्यांनी दुपारची वेळ याला द्यावी. इथं होणारी चूक म्हणजे जीन्स घालून जाणं, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल असंच काहीतरी घाला, आणि मोबाईल पिशवीत ठेवा. खाली जायला लिफ्ट आहे, पण ती कधी कधी बंद असते, म्हणून शहरातल्या कुठल्याही लॉजवर किंवा रिक्षावाल्याला निघायच्या आधी विचारून घ्या. बंद असेल तर हट्टानं कुंडीत वाकून उतरायचा प्रयत्न करू नका, जवळपास ८० फूट खोल आहे ते. ज्याला श्वासाचा किंवा बंद जागेच्या भीतीचा त्रास आहे त्यानं वरच थांबलेलं बरं.

मुमताजच्या बाबतीत तर दोन ठिकाणी गडबड होते. ती जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच चौदाव्या बाळंतपणात गेली हे खरं, पण तिला किल्ल्यात पुरलं नव्हतं, तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्याकडे, तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. आणि लोक ज्याला काळा ताजमहाल म्हणतात ती मुमताजची कबर नाही, रहीमचा मुलगा शाहनवाज खान याचा तो मकबरा, उतावळी नदीच्या काठी. बघण्यासारखा आहेच, पण कुणाचा आहे ते माहीत असून बघा. किल्ल्यातल्या हमामात, म्हणजे शाही न्हाणीघरात, छतावर रंगीत नक्षी अजून टिकलेली आहे, तिथं ताजमहालाचा नकाशा याच चित्रावरून घेतला असं कुणी ठासून सांगितलं तर ऐकून घ्या, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नका. फ्लॅश मारू नका आणि भिंतीला हात लावू नका. चारशे वर्षांचे रंग आहेत हो ते, आणि त्यांच्या शेजारी बदाम काढून नावं कोरलेली बघितली की जीव तुटतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाकडून एक गोष्ट मात्र सुटायलाच नको, ती म्हणजे राजाची छत्री. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारले, त्यांची ही छत्री, म्हणजे स्मारक, शहराबाहेर नदीकाठी आहे. तह आपण शाळेत पाठ केलेला असतो, आणि तो करणारा माणूस इथं आपल्या दारात आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं! तसंच बहादूरपूर, संभाजी महाराज गादीवर आल्यावर १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी जो बहादूरपुरा लुटला तो इथलाच. शहरातल्या रिक्षावाल्याला "राजा की छत्री" असंच सांगा, आणि जायचं-यायचं-थांबायचं मिळून भाडं आधीच ठरवा, नाहीतर परतीला तिथं रिक्षा मिळायची नाही.

जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची गर्दी असते, त्यांनाही अडचण आणि तुम्हालाही काही बघता येत नाही. एरवी जा, कपडे अंगभर घाला, चपला काढा, आणि नुसते मिनार बघून परत फिरू नका. आत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, त्यात शके १५११ दिलंय, म्हणजे राजा अली खान फारुकीच्या वेळचं हे काम. मशिदीत कोरलेलं संस्कृत सहसा कुठं बघायला मिळतं? तिथं कुणाला तरी नम्रपणे विचारा, दाखवतात. बऱ्हाणपुरात मराठी समजणारे भरपूर भेटतात, त्यामुळे भाषेचं टेन्शन घेऊ नका.

देवीचं राहिलंच. इच्छापूर आणि चांगदेव एकाच दिवशी बऱ्हाणपूरला जोडायचं असेल तर दोन्ही परतीला ठेवा, कारण दोन्ही मुक्ताईनगरच्या वाटेवर पडतात. चांगदेवचं जुनं दगडी मंदिर तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, अंधार पडायच्या आत पोचा म्हणजे नक्षी नीट दिसेल, त्यासाठी बऱ्हाणपूर तीनच्या सुमारास सोडावं लागेल आणि मग आहुखाना किंवा छत्री यातलं एक दुसऱ्या फेरीला ठेवावं लागेल, सगळं एकाच दिवसात कोंबू नका. खाण्याचं म्हणाल तर मावा जलेबी तिथंच गरम खायची, डब्यात भरून आणली की ती मजा राहत नाही. घरी न्यायला दराबा ही मिठाई घ्या, तो टिकतो, फक्त उन्हात गाडीत ठेवू नका, तूप सुटतं.