काळ्या डागावर रंग मारण्याआधी

जुलै-ऑगस्टात मला येणारे फोन एकाच सुरातले असतात. "भिंतीला काळं आलंय हो, गणपतीच्या आधी एक हात मारून द्या." मी नाही म्हणतो. रंगाचाच धंदा करणारा माणूस रंग लावू नका म्हणाला की समोरच्याला वाटतं, याला आता छोटी कामं नकोशी झालीत. पण ओल्या भिंतीवर मारलेला रंग दिवाळीपर्यंत तग धरत नाही. मग पापुद्रे सुटतात आणि शिव्या मला पडतात. म्हणून परळ, लालबाग, गिरगावातल्या जुन्या घरांत काम करताना जे सांगत आलो, ते इथे लिहून ठेवतो.

आधी भीतीचं बोलू. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस'च्या बातम्या आल्या, तेव्हापासून भिंतीवर काळं दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी वेगळी. आपल्या भिंतीवरची बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची असते. जिची जास्त धास्ती घातली जाते ती स्टॅकीबॉट्रिस, आणि तिला सतत भिजलेला कागद किंवा लाकूड लागतं. जिप्सम बोर्डाचा कागद, प्लायवुड, पुठ्ठा असं काही. नुसत्या रंगावरून जात ओळखू येत नाही आणि ओळखून काही अडतही नाही. कुठलीही असो, काढायचीच. मात्र घरात दम्याचा पेशंट, तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर त्यांना त्या खोलीत झोपवू नका, आणि साफसफाई चालू असताना घराबाहेर पाठवा.

आता खरं काम: पाणी कुठून येतंय ते शोधणं. डाग कुठे आहे आणि कधी वाढतो, एवढ्यावरून अर्धा निकाल लागतो. छतावर तपकिरी कडेचा गोल डाग, तोही मे महिन्यात ओला, म्हणजे वरच्या मजल्यावरची मोरी किंवा संडास. पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत, फक्त पावसात ओली, म्हणजे बाहेरून मार. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या दोन भिंतींची गत सगळ्यात वाईट. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत भुरभुरते, मिठासारखं पांढरं सुटतं, तो लोणा. जमिनीतलं पाणी भिंत वर ओढते. आणि कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छतावर बारीक काळे ठिपके, पण हाताला भिंत तशी कोरडी, तिथे पाणी हवेतलं आहे.

खात्री नसेल तर वीतभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट बसवा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा जमला तर हवेत. फुकटची तपासणी आहे, पण मिस्त्रीला बोलावण्याआधी ती करणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं.

वरच्या मोरीचा संशय असेल तर तिथली नानी ट्रॅप, म्हणजे लादीतली पाणी जायची जाळी, कापडाचा बोळा घालून बंद करायची, लादीवर दोन इंच पाणी तुंबवायचं आणि दिवसभर खाली डागावर नजर ठेवायची. पाण्यात खायचा रंग टाकला तर वाद घालायला जागाच उरत नाही. यात अवघड भाग प्लंबिंगचा नाही, शेजाऱ्यांचा. "तुमच्यामुळे आमचं छत गेलं" अशी सुरुवात केलीत तर वरच्या वहिनी तुम्हाला मोरीत पाऊलही ठेवू देणार नाहीत. सेक्रेटरीला सोबत घ्या, चहाच्या वेळेला जा आणि "दोघांचंही नुकसान होतंय" असं म्हणा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्पष्ट आहे: पावसाची गळती, बाहेरचे सामाईक पाइप हा सोसायटीचा खर्च, घरातल्या सिंक, संडास, न्हाणीघराची गळती ज्याची त्यानं काढायची. अर्ज लेखी द्या, फोटो तारखेसह जोडा, पोच घ्या. पागडीच्या इमारतीत मालकाला लिहा. 30 सप्टेंबर 1969 आधीची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणारी, इमारत असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडेही अर्ज करता येतो. भिंतीतून गंजलेली सळई दिसायला लागली, स्लॅबचे तुकडे पडायला लागले, तर बुरशी विसरा आणि स्ट्रक्चरल ऑडिटचं विचारा. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते कायद्यानंच बंधनकारक आहे.

बाहेरून बघताना दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा झूम पुरतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जा. सांडपाण्याचा पाइप जिथे भिंतीला टेकतो तिथे हिरवा पट्टा दिसतो का? सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावतंय का? गिरगावात एका गॅलरीबाहेर असं रोप होतं, मनगटाएवढं जाड. दर पावसाळ्याआधी कुणीतरी वरून छाटायचं आणि मूळ आत विटांची फट रुंद करत जायचं. पिंपळ छाटून काही होत नाही. मूळ खणून काढायचं, फट भरायची, मगच प्लास्टर. तसंच छज्ज्यावर पाणी साचतंय का, आणि एसीच्या नळीसाठी पाडलेलं भोक उघडंच राहिलंय का, तेही बघा. त्या बोटभर भोकातून एका पावसाळ्यात किती पाणी आत येतं ते भिंत उघडल्यावरच कळतं.

जुन्या लाकडी चौकटीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या इमारतीत राहत असाल तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा. चुना ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतोही. त्यावर कुणीतरी सिमेंट थापतं, वर चकाचक लस्टर, म्हणजे चमकणारा तेलाचा रंग, मारतं, आणि आतली ओल आतच कोंडली जाते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि साधी सफेदी बरी. दिसायला गरीब दिसते, पण भिंत जगते.

पावसात मग करायचं काय? फक्त साफसफाई आणि कोरडं ठेवणं. तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा प्लास्टर फुगलं असेल तर माणूस बोलवा. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. डागाजवळ स्विचबोर्ड असेल तर मेन बंद. खोलीचं दार लावा, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा. कोरड्या ब्रशनं किंवा केरसुणीनं अजिबात घासू नका, सगळे बीजाणू घरभर उडतात. आधी पाण्याचा हलका फवारा, मग डिटर्जंटच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एका दिशेनं पुसायचं, फडकं दुमडत राहायचं. वापरलेली फडकी पिशवीत बांधून कचऱ्यात. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपा आणि आता मात्र पंखा जोरात लावा.

ब्लीचबद्दल मला सगळे विचारतात. टाइल्स, काच, कडाप्पा अशा न शोषणाऱ्या जागी चालतं: चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून कडक नको. चुन्याच्या किंवा पुट्टीच्या भिंतीवर मात्र वरचा डाग पांढरा होतो, आतलं मूळ तसंच राहतं आणि भिंतीला आणखी पाणी मिळतं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरं केवढी असतात ते तुम्हाला माहीत आहे.

भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. गाद्या, पुठ्ठ्याची खोकी किंवा कपाटामागचं प्लायवुड काळं पडून फुगलं असेल तर पुसत बसू नका, टाकून द्या.

हवेतल्या ओलीसाठी सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे. बादलीभर धुण्यातून लिटरभर तरी पाणी हवेत जातं. जागाच नाही, हे मलाही कळतं. मग निदान एकाच खोलीत घाला, तिचं दार लावा आणि पंखा चालू ठेवा. आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार बंद, एक्झॉस्ट चालू. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवून फायदा नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. उघडीप पडली, ऊन आलं की तासभर सताड उघडा. एसी असेल तर ड्राय मोड वापरा. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो. त्यावरचा आकडा साठ टक्क्यांच्या खाली आणायचा. मुंबईच्या जुलैत ते जमेलच असं नाही, पण कुठल्या खोलीत जास्त आहे ते तरी कळतं.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दादरच्या एका काकूंच्या कपाटामागे मी बघितलं होतं: भिंतीवर कपाटाच्या आकाराचा हुबेहूब काळा चौकोन, बाजूची भिंत स्वच्छ, आणि आत तळाच्या कप्प्यातल्या पैठणीच्या घडीवर करडी साय. काकूंनी आत डांबरगोळ्या मूठभर टाकल्या होत्या. त्या किड्यांसाठी असतात, ओल शोषत नाहीत. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. पाणी भरलं की ओतून बदलायचे. आणि रेशीम प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती धोतरात गुंडाळा.

रंगाचं काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारी-मार्च त्याहून चांगला. गळती बंद झाल्यावर खराब प्लास्टर विटेपर्यंत खरवडायचं, भिंत उघडी वाळू द्यायची. नव्या सिमेंट प्लास्टरला रंगाआधी 28 दिवस हवेतच. जो रंगारी "आठवड्यात सगळं उरकतो" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. बुरशीरोधक रंग चांगला असतो, पण कोरड्या भिंतीवरच. गळत्या भिंतीवर तो महागडा रंग एवढंच. कोटेशनमध्ये खरवडणं, वाळवणं, प्रायमर, रंगाचे हात असं वेगवेगळं लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. माझ्याकडून काम करून घेतलंत तरी.