अँबेसेडरला हेडर लावताय? पॅकिंग घ्यायच्या आधी एवढं करून ठेवा

जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबेसेडरला बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका गॅस गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) काढून त्याजागी पाइपचा हेडर टाकायचा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, पॅकिंग, म्हणजे मधल्या सांध्यातलं गॅस्केट, कुठलं घेऊ. माझं म्हणणं असं की पॅकिंग सगळ्यात शेवटी घ्या, आधी फ्लँज, म्हणजे हेडरची इंजिनाला टेकणारी चपटी प्लेट, मोजा. कारण हेडर वाकडा असेल तर जगातलं भारीतलं भारी पॅकिंगसुद्धा चार दिवसात फुंकणार आणि मग आपण पॅकिंगलाच शिव्या देत बसणार.

सुरुवात नट सोडण्यापासून. काम रविवारी करायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच सगळ्या स्टडवर (मॅनिफोल्ड धरणारे, इंजिनात बसवलेले आट्यांचे दांडे) गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, शनिवारी परत मारा. नट हलत नसेल तर गॅसने गरम करून घ्या, पण कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी आधी काढून लांब ठेवा, बॅटरीची वायर पण काढा. लांब पान्हा लावून जोर करू नका, स्टड हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटला की ड्रिल मारून आटे परत पाडण्यात अख्खा दिवस जातो. नवीन स्टडचा सेट आणि पितळी नट आधीच आणून ठेवा, पितळी नट गंजून चिकटत नाहीत. या इंजिनाचे स्टड पाच-सोळांश इंची आहेत, हेडकडचे आटे जाड आणि नटाकडचे बारीक, तेव्हा मिलिमीटरवाला नट "बसतोय की" म्हणून चढवू नका. स्पेअर आपल्या नाशिकात द्वारका, मुंबई नाक्याकडे विचारून बघा, नाहीच मिळालं तर मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा दिल्लीचं कश्मिरी गेट, कुरियर यायला लागतील ते दिवस धरूनच गाडी खोला.

जुनं पॅकिंग निघालं की फेकू नका, उजेडात धरून बघा. पोर्टच्या (हेडमधल्या गॅस जायच्या भोकाच्या) कडेपासून बाहेरपर्यंत काळी काजळीची रेघ गेली असेल तर गॅस तिथूनच निसटत होता. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मधल्या एकाच पोर्टमधून जातो, त्यामुळे तो भाग जास्त तापतो आणि पॅकिंग बऱ्याचदा तिथेच जळालेलं सापडतं. एक सांगतो, जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून कोरडं खरवडायचं नाही, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तर अजिबात नाही, पाणी मारून ओलं करा, मास्क लावा, हळू खरवडा आणि तो चुरा ओला असतानाच पिशवीत बांधा. पोर्टात फडकं कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि ते फडकं काढायचं लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. या इंजिनात इनलेट (हवा-पेट्रोल आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर सोडणारा) दोन्ही हेडच्या एकाच बाजूला आहेत, एकूण पाच पोर्ट, तीन एक्झॉस्टचे, मध्ये मध्ये दोन इनलेटचे, आणि सगळ्यांना मिळून एकच पॅकिंग. काही स्टडवर एक जाड वॉशर असतो तो अर्धा इनलेटच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसतो, म्हणजे एकाच नटाने दोन्ही दाबले जातात. मूळ मॅनिफोल्डला दोन्हीची जाडी सारखी असते. हेडर बनवणारा मात्र हाताला येईल ती प्लेट कापतो, आठ मिलिमीटरची, दहाची, आणि मग वॉशर तिरका बसून जाड फ्लँजलाच दाबतो, बारीकवाला नुसता टेकलेला राहतो. एक्झॉस्ट दाबला गेला तर इनलेटमधून फुकटची हवा ओढली जाते आणि आयडलिंग लागत नाही, उलट झालं तर टक टक आवाज. लोक यावर कार्बोरेटर खोलत बसतात! तर व्हर्नियर घ्या, प्रत्येक सामायिक स्टडपाशी दोन्ही फ्लँज मोजा, जास्त जाडीचा असेल तो मशिनवर उतरवून घ्या, किंवा लेथवाल्याकडून वॉशरलाच पायरी काढून घ्या.

त्यानंतर सपाटी. वेल्डिंगने फ्लँज वाकतोच, त्यामुळे बनवतानाच तो जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्ट करून वेल्ड मारायला सांगा, आणि नंतर सातपूर किंवा अंबडला एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे फेसिंग मारून, म्हणजे मशिनवर सपाट करून, घ्या, आपल्याकडे यासाठी वणवण करावी लागत नाही. घरी आणल्यावर सरळ पट्टी लावून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, पाव मिलिमीटरची पाती कुठेही जात असेल तर परत पाठवा. फ्लँज एकसंध असेल तर टोकाची भोकं थोडी मोठी हवीत, चारशे मिलिमीटरचं लोखंड चारशे डिग्रीने तापलं की जवळजवळ दोन मिलिमीटर वाढतं, त्याला सरकायला जागा नको का?

इतकं झालं की पॅकिंग. पोर्टच्या कडांना ग्रीसचं बोट फिरवून कागदावर छाप घ्या आणि दुकानात तो छाप घेऊन जा. पॅकिंगचं भोक पोर्टपेक्षा किंचित मोठं चालेल, लहान नको, आत डोकावणारी कड जळते. मला स्वतःला स्टीलच्या पत्र्यावर ग्रॅफाइटवालं आवडतं, बारीक उंचसखलपणा सांभाळून घेतं. तांब्याचं असेल तर लालसर होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या, नाहीतर ते दबत नाही. साधं जॉइंट शीट हातोडीने ठोकून कापलेलं एक्झॉस्टला नकोच. एका बाजूला पत्रा असलेलं मिळालं तर सहसा पत्रा मॅनिफोल्डकडे, पण पाकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

बसवताना पॅकिंग कोरडंच. सिलिकॉन लावू नका, एक्झॉस्टच्या तापमानाला ते जळून जातं. स्टडच्या आट्यांना कॉपर अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट), आणि नट आवळायचे ते मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यात, शेवटी साधारण १५ फूट-पाउंड, म्हणजे २० न्यूटन-मीटर. सायलेन्सरचं वजन फ्लँजवर लटकू देऊ नका, खालच्या पाइपला ब्रॅकेट हवा आणि तो गिअरबॉक्सला, चॅसिसला नाही, कारण इंजिन रबरावर हलतं.

चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हवा सोडून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतात. इनलेटची गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारायची सवय असते सगळ्यांना, पण इथे इनलेटच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट आहे, इंजिन गरम असताना हा प्रकार करूच नका. मग गाडी एकदा नीट तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, नट परत बघा. नंतर एक त्र्यंबक फेरी मारा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनावर पुन्हा पान्हा लावा, एखाद-दुसरा नट थोडा फिरतोच. इगतपुरी-कसाऱ्याकडे घाटात चढवायची असेल तर ती त्यानंतर.